सुलभाताई आणि न बोलणारी मंडळी

सुलभाताई गुप्ते मूर्तींना सीट-बेल्ट लावतात.

आम्ही ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात राहायला आल्यावर चौथ्याच दिवशी मला हे कळलं. इथला पाऊस वरून पडत नाही, बाजूने येतो. छत्री उलटी झाली होती, ट्रेनला सात मिनिटं होती आणि मी फुटपाथवरून पळत होतो. तेवढ्यात शेजारच्या ड्राइव्हवेतून एक चंदेरी गाडी मागे मागे येत माझ्यापाशी थांबली. काच खाली झाली. आत साठी ओलांडलेल्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेल्या एक बाई.

“मराठी ना? काल तुमच्याकडून हिंगाच्या फोडणीचा वास आला. बसा, स्टेशनला सोडते.”

मी पुढचं दार उघडलं.

“अहो, मागे बसा, मागे. पुढे बाई आहेत.”

पुढे खरोखरच बाई होत्या. प्लास्टरच्या, दोन-अडीच फूट उंचीच्या, अंगभर चुण्यांचं वस्त्र, नाकाचा टवका उडालेला आणि उजवा हात कोपरापासून गायब. छातीवरून सीट-बेल्ट आडवा लावलेला होता आणि तो काचू नये म्हणून खाली घडी घातलेला टॉवेल.

“कोण आहेत या?” मी मागच्या सीटवरून विचारलं.

“अजून कळलं नाही. ऑप शॉपमध्ये टोस्टर आणि इस्त्रीच्या मधे उभ्या होत्या.” जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानांना इथे ऑप शॉप म्हणतात. “लेबलवर ‘लॅम्प’ लिहिलं होतं आणि पुढे प्रश्नचिन्ह. म्हटलं, घरी चला. इथे राहिलात तर कोणीतरी डोक्यात बल्ब बसवेल. आता हात दाखवायला नेतेय. पापाकुरात एक कुंभारकाम शिकवणारी बाई आहे, चांगली डॉक्टर आहे.”

स्टेशन आलं. मी थँक्यू म्हणून उतरलो, तर सुलभाताई म्हणाल्या, “बाईंना नमस्कार करा. त्या निघाल्या होत्या म्हणून तुम्हाला लिफ्ट मिळाली.”

इंजिनियरिंगची पदवी असलेल्या मी मनुरेवा स्टेशनच्या पार्किंगमध्ये, भर पावसात, एका प्रश्नांकित लॅम्पला नमस्कार केला. ट्रेन मिळाली. मी ईस्ट टामाकीतल्या एका मोठ्या गोदामाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. तिथे दिवसभर कुठला खोका कुठल्या फळीवर आहे ते बघायचं असतं. त्या दिवशी खोके बघताना मला पहिल्यांदाच वाटलं, की आत कोण असेल?

माझी बायको मुग्धा हिने आठवडाभरात शेजारची माहिती काढली. सुलभाताई हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होत्या. वीस-बावीस वर्षं तिथे औषधं दिली, आता निवृत्त. घरात एकट्या. फ्लीसच्या जाकिटावरून मंगळसूत्र दिसतं, त्यामुळे “मिस्टर इंडियात असणार, काहीतरी बिनसलेलं असणार” असा इथल्या मराठी मंडळातल्या बायकांचा अंदाज. मंडळात सुलभाताई फारशा जात नसत. गेल्याच तर गणपतीच्या आरतीला मूर्तीच्या मागे उभ्या राहून तिच्या पाठीकडे बघत राहत. एकदा मुग्धाने विचारलं तर म्हणाल्या, “रंग समोरूनच दिलाय गं. पाठ तशीच पांढरी. गार वाटत असेल.”

त्यांच्या घराची उत्तरेकडची खोली म्हणजे भिंतभर काच. इथे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे ती घरातली सगळ्यात उबदार जागा. बाकीचे लोक अशा खोलीत सोफा टाकतात. सुलभाताईंनी फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर एकतीस मंडळी होती. मान तुटून परत बसवलेला बाळकृष्ण. निळ्या शालीतली मेरी. चिनी मातीची एक देवी, हातात कलश. बागेत ठेवतात तो सिमेंटचा बुद्ध, त्याच्या मांडीवर शेवाळ. एक कोण जाणे कुठल्या देशातला लाकडी म्हातारा. सगळे ऑप शॉपमधून, गराज सेलमधून, एकदा तर रस्त्याकडेला टाकलेल्या सामानातून आलेले. प्रत्येकासमोर काही ना काही ठेवलेलं असे आणि ते वेगवेगळं असे. मेरीला काय आवडतं ते कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानातल्या, फिलिपिनो बाईंना विचारून घेतलं होतं. चिनी देवीला संत्रं. लाकडी म्हाताऱ्याचं काही कळलं नव्हतं, म्हणून त्याला नुसतं स्वच्छ पाणी.

“पाणी कोणाला बाधत नाही,” सुलभाताई म्हणाल्या. “पेशंटची हिस्टरी माहीत नसली की आम्ही हेच करायचो.”

माझी सात वर्षांची ईशा एकदा माझ्याबरोबर आली होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. तिने सगळीकडे बघून विचारलं, “आर दे ऑल फ्रेंड्स?”

“ओळख करून देतेय,” सुलभाताईंनी मराठीत उत्तर दिलं. “वेळ लागतो.”

मला आधी वाटलं, बाई भाविक आहेत, एकटेपणामुळे जरा जास्तच झालंय. तसं नव्हतं. सुलभाताईंना याचं शास्त्र हवं होतं, आणि ते त्यांना भलत्याच ठिकाणी सापडलं होतं. ऑप शॉपमध्येच, पाककृतींच्या पुस्तकांच्या रांगेत एक जाड पुस्तक होतं. दुकानातल्या कोणीतरी उघडून बघितलं असणार, आत तमालपत्र, धूप, कंदमुळं, कोंबडा असं दिसलं असणार, आणि ते मटणाच्या रश्शाशेजारी लावलं असणार. पुस्तक निघालं जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांवरचं.

“पंधराशे-सोळाशे वर्षांपूर्वीची गोष्ट,” सुलभाताई चहा गाळत सांगायच्या. “ग्रीस, सीरिया, इजिप्त. देवळं बंद होत होती. मूर्ती उतरवत होते, फोडत होते, वितळवून त्यांची भांडी करत होते. नवा धर्म आलेला, जुने देव कोणाला नको होते. आणि त्या सगळ्या धामधुमीत काही म्हातारी, हुशार, हट्टी माणसं बसून विचार करत होती, की मूर्ती म्हणजे नक्की काय?”

“मग काय ठरलं?”

“दगड तो दगड, हे त्यांनाही माहीत होतं. वेडी नव्हती. पण ती म्हणायची, जगातली प्रत्येक वस्तू कुठल्या तरी देवाच्या धाग्यात ओवलेली आहे. सूर्याचा धागा धरा. त्यात सोनं आहे, सिंह आहे, कोंबडा आहे, कमळ आहे. सूर्य उगवला की कमळ उघडतं ना? ती त्याची प्रार्थना. ओठ नाहीत म्हणून पाकळ्या. मग त्या देवाचे खडे, त्याची मुळं, त्याचा धूप असं सगळं बरोबर मापात एकत्र करायचं आणि पोकळ मूर्तीच्या आत ठेवायचं. म्हणजे ती जागा त्याला राहण्याजोगी होते. नितीन, मी वाचलं आणि उडालेच! अहो, हे कम्पाउंडिंग आहे, औषधं मापून मिसळणं! आम्ही आयुष्यभर दुसरं काय केलं?”

“म्हणजे आपली प्राणप्रतिष्ठा.”

“घाई करू नका. दोन गोळ्यांचा रंग सारखा म्हणून औषध एक नसतं.”

मी हुशारी दाखवायला म्हणालो, “थोडक्यात, मूर्ती म्हणजे अँटेना.”

सुलभाताईंनी कप खाली ठेवला. “अँटेनाला कोणी आंघोळ घालतं का?”

त्यांनी ग्रीक शिकायला घेतलं. अल्फा, बीटा, गॅमा फार्मसीमुळे येतच होतं. राहिलेली अक्षरं त्यांनी मसाल्याच्या बरण्यांवर चिकटवून पाठ केली. एकदा मुग्धा ओवा मागायला गेली. सुलभाताई गराजमधून ओरडल्या, “थीटा घे!” मुग्धा अंदाजाने जी बरणी घेऊन आली तिच्यातलं चिमूटभर आम्ही भाकरीत घातलं आणि तासभर आमची जीभ बधीर. ती अक्कलकाऱ्याची पूड होती, कुठल्याशा देवासाठी आणलेली. सुलभाताईंनी माफी मागितली आणि वर म्हणाल्या, “पण परिणाम दिसला ना? माल ताजा आहे.”

त्यांना सगळ्यात छळलं ते सूर्याने. आपण प्रदक्षिणा उजवीकडून घालतो, कारण भारतात सूर्य तसाच फिरतो: पूर्वेकडून दक्षिणेवरून पश्चिमेला. ग्रीसमध्येही तसंच. पण न्यूझीलंडमध्ये सूर्य पूर्वेकडून उत्तरेवरून पश्चिमेला जातो, म्हणजे उलटा. मग इथे प्रदक्षिणा कुठून? सुलभाताई पंधरा दिवस झोपल्या नाहीत. बागेत काठी रोवून तिची सावली मोजली. शेवटी मला गाडीत घालून सँडरिंगहॅमला घेऊन गेल्या. तिथे मिठाईच्या दुकानात पूजा सांगणारे एक गुरुजी ढोकळा खात बसले होते. सुलभाताईंनी टेबलावरच्या दोन वाट्या आणि एक चमचा मांडून त्यांना पृथ्वी, सूर्य आणि प्रश्न समजावला.

गुरुजींनी चमचा उचलून परत जागेवर ठेवला. “ताई,” ते म्हणाले, “बावीस वर्षं मी इथे प्रदक्षिणा घालतोय. आता तुम्ही म्हणता उलट्या झाल्या?”

“मी म्हणत नाही. विचारतेय.”

“मग परत उलगडायच्या म्हणजे बावीस वर्षं लागतील.”

दोघंही गंभीर होते. मी चटणी मागवली.  परतीच्या वाटेवर मनुरेवाचा फाटा आल्यावर सुलभाताई म्हणाल्या, “देव जिथे राहतात तिथला सूर्य त्यांचा. मी डावीकडून घालणार. चुकत असेल तर कळवतील.”

यावर हसायचं की काय करायचं, हे मला तेव्हा ठरवता यायचं नाही. हसून घरी यायचो आणि काचेच्या खोलीतला उजेड डोळ्यांपुढून जायचा नाही.

मग ऑक्टोबरात रिया आली.

रियाचे वडील डॉक्टर राजाध्यक्ष. इथल्या जुन्या मराठी डॉक्टरांपैकी एक. निम्म्या मनुरेवाच्या मुलांना त्यांनी सुया टोचलेल्या. जुलैमध्ये ते गेले. आई आधीच गेलेली. रिया तिशीची, इथेच जन्मलेली, वेलिंग्टनला वकील. घर रिकामं करायला आली होती आणि देवघरापाशी अडली होती. कोणीतरी तिला सुलभाताईंचा नंबर दिला. खोका जड होता म्हणून सुलभाताईंनी मला हाक मारली. खोक्यावर मार्करने ‘मिक्स्ड, ब्रास’ लिहिलेलं होतं.

“आँटी, आय कान्ट बिन देम. फेकवत नाहीत,” रिया दारातच म्हणाली. “तुम्ही घेता असं कळलं. प्लीज, घ्या. मला फ्लाइट आहे संध्याकाळी.”

मला वाटलं, सुलभाताई लगेच फळीवर जागा करतील. त्यांनी खोका खिडकीपाशी ठेवायला लावला आणि एकेक वर्तमानपत्र अलगद सोडवलं. बाळकृष्ण, शंख, घंटा. सगळ्यात तळाशी वीतभर उंचीची एक पितळी अन्नपूर्णा. हातात पळी. अंग काळं पडलेलं. आणि तिला चेहरा नव्हता. पिढ्यान् पिढ्या चिंचेने घासून नाक, डोळे, ओठ सगळं झिजून गेलं होतं. नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत तोंड.

“शी हॅज नो फेस,” रिया म्हणाली.

“होता,” सुलभाताई म्हणाल्या. “लोकांनी इतका हात फिरवला, की त्यांच्या हाताला गेला.”

रियाने त्या गुळगुळीत तोंडावरून अंगठा फिरवला.

“घेईन मी. पण अशी नाही. आधी आंघोळ. फ्लाइट कितीला?”

“सात.”

“भरपूर वेळ आहे. बाह्या वर कर.”

रियाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. या घरात आपण सांगितलेलं करतो, एवढंच तिला समजावण्यासारखं होतं. सुलभाताईंनी पितळी परातीत कोमट पाणी आणलं. चिंचेचा कोळ, रिठ्याचं पाणी, तान्ह्या बाळांचा असतो तसला मऊ टूथब्रश. बागेतून तमालपत्राची डहाळी आणि रोझमेरी. दोघी खिडकीत जमिनीवर बसल्या. मी सिमेंटच्या बुद्धाशेजारी स्टूल घेऊन बसलो. जायला हवं होतं, पण जाववलं नाही.

घासता घासता सुलभाताई गोष्ट सांगू लागल्या. ग्रीकांची. अथेन्सच्या टेकडीवरच्या मोठ्या देवळातून नव्या धर्माच्या लोकांनी तिथल्या देवीची मूर्ती हलवली. जे लोक अचल मूर्तीला हात घालतात, ते म्हणे सगळंच हलवतात. टेकडीच्या पायथ्याशी एक म्हातारा तत्त्वज्ञ राहायचा. त्याच्या स्वप्नात एक देखणी बाई आली. म्हणाली, ‘लवकर घर तयार कर, अथेन्सच्या मालकीणबाईंना तुझ्याकडे राहायचंय.’

“मग? आली ती?” रियाने विचारलं.

“पुढचं मला कुठे सापडलं नाही. मी शोधलं खूप. पण मी असते ना, तर स्वप्न संपायच्या आत झाडू घेतला असता.”

रिया हसली. त्या दुपारी पहिल्यांदा. पाणी काळं झालं, बदललं, परत काळं झालं. पळीचा दांडा पिवळा दिसू लागला. मग रिया हात न थांबवता, खाली बघतच बोलायला लागली, बरंचसं इंग्रजीत, हळू; मी सांगतोय मराठीत. बाबा अकरा दिवस बेशुद्ध होते. नर्स रोज सांगायची, त्यांच्याशी बोल, ऐकू येत असेल कदाचित. “आणि आँटी, मी नाही बोलले. नॉट वन वर्ड. काय बोलणार? त्यांना काही कळत नव्हतं. मी खुर्चीत बसून फोन बघत होते. अकरा दिवस. मी कोर्टात तासन् तास बोलते, आणि तिथे मला एक वाक्य सुचलं नाही.”

काही नाही गं, असू दे गं, असं आपण पटकन म्हणतो तसं सुलभाताई काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी घंगाळातून स्वच्छ पाण्याचा तांब्या भरून रियाच्या हातात दिला.

“सुचत नाहीच कोणाला. सुचावं लागतं असंही नाही. आता हिच्याशी बोल.”

“व्हॉट? हिच्याशी? मला तिचं नाव पण माहीत नाही.”

“घरात काय म्हणायचात?”

 रियाने तांब्या परातीच्या काठाला टेकवला. मग तिचा आवाजच बदलला, बारीक झाला. “भाताची बाई,” ती म्हणाली. “मी तिला भाताची बाई म्हणायचे. बाबा शुक्रवारी तिच्या खालचा तांदूळ बदलायचा. मला एक दाणा द्यायचा.”

“मग तेच म्हण.”

शाळेत जायला लागल्यावर रियाचं मराठी थांबलं असणार. कारण आता ती जे बोलली ते पाच वर्षांच्या मुलीचं मराठी होतं. तेवढंच तिच्याकडे होतं.

“भाताची बाई,” ती म्हणाली आणि मूर्तीच्या डोक्यावरून पाण्याची बारीक धार धरली. “माझा बाबा गेला. तू पण एकटी. मी पण एकटी. मी बाबाशी बोलले नाही. मला सॉरी आहे. तुला थंड आहे का पाणी? मी हळू घालते.”

ढग सरकला असावा. उन्हाची तिरीप परातीत उतरली. ओल्या पितळेने ती घेतली आणि छतावर, फळ्यांवर, एकतीस जणांच्या अंगावर पाण्याची जाळी थरथरू लागली. त्या नाक-डोळे नसलेल्या तोंडावर इतका उजेड आला, की मला मान खाली घालावी लागली.  मी काही सिद्ध करायला बसलेलो नाही. पाणी, पितळ, ऊन, कोन, सगळं मला समजतं. पण त्या खोलीत कोणीतरी लक्ष देऊन ऐकत होतं, असं मला वाटलं, आणि ते वाटणं अजूनही मला खोडून काढता आलेलं नाही.

सुलभाताई मूर्तीकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर रियाच्या हातांवर होती.

रिया सातच्या विमानाने गेली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घेऊन वेलिंग्टनला निघाली, आठ-नऊ तासांचा रस्ता, कारण अन्नपूर्णेला सामानाच्या पट्ट्यावर टाकायला तिला आता जमेना. जाताना सुलभाताईंनी तिला पिशवीभर तांदूळ दिला. फळीवर जी जागा होणार होती, ती झालीच नाही.

ती गेल्यावर मी परात उचलायला मदत करत होतो. बरेच दिवस विचारायचं होतं ते विचारलं. “ताई, तुम्हाला जाणवतं का? म्हणजे, मूर्तीत कोणी आलंय असं?”

“नाही.”

“काल?”

“नाही हो.”

“इतक्या वर्षांत कधीच?”

“एकदाही नाही.” परात पुसत त्या अगदी सहज म्हणाल्या. “त्या ग्रीक लोकांत एकजण होता, मूर्तीवर नजर पडली की त्याच्या काळजात धक्का बसायचा. कुठली जिवंत, कुठली नाही, लगेच कळायचं त्याला. आणखी एकाने तर म्हणे धूप घालून, मंत्र म्हणून मूर्तीला हसवलं. हसवायला काय, सर्कस आहे? मला यातलं काही येत नाही. मी डिस्पेन्सिंगवाली. औषध नीट तयार करायचं, वेळेवर द्यायचं. लागू पडणं आपल्या हातात नसतं. म्हणून काय बनवायचं सोडायचं?”

मी गोदामात अठरा वर्षं घालवली. बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे, नाही लागला तर तक्रार नोंदवायची, हे माझं जग. आणि ही बाई एकतीस बटणं रोज पुसून ठेवत होती, दिवा एकदाही लागला नव्हता, आणि तिची कोणाकडेही तक्रार नव्हती.

डिसेंबरात एका रविवारी सकाळी सुलभाताईंनी कुंपणावरून हाक मारली. गाडी दुरुस्तीला गेली होती. “टाकानिनीपर्यंत सोडाल का? दहा वाजता पोचायला हवं.”

नवं ऑप शॉप उघडलं असेल, असं मला वाटलं. मी हाफ पँट आणि जँडल्सवरच, म्हणजे रबरी चपलांवरच, निघालो. वाटेत त्या डावीकडे, उजवीकडे सांगत राहिल्या आणि एका बैठ्या, लांबट इमारतीपाशी थांबा म्हणाल्या. बाहेर गुलाबाचे वाफे, व्हीलचेअरसाठी उतार. वृद्धांचं नर्सिंग होम होतं. काउंटरवरची मुलगी त्यांना बघून माओरीत नमस्कार करत म्हणाली, “किआ ओरा, सुलभा. ही हॅड अ गुड नाइट.”

“मी गाडीत थांबतो,” मी म्हणालो.

“का? या की आत.”

लांब कॉरिडॉर. फिनेलचा आणि टोस्टचा वास. चालता चालता त्यांनी सांगितलं. पाच वर्षं झाली. त्यांच्या मिस्टरांना, अनंतरावांना, मेंदूचा झटका आला, तेव्हापासून बोलणं नाही, हलणं नाही. डोळे उघडतात, पण कोणाकडे बघतात ते सांगता येत नाही. काय पोचतं, किती पोचतं, डॉक्टरांनाही माहीत नाही. त्या रोज येतात. रोज दहाला.

“ताई, आम्हाला कधी सांगितलं नाहीत.”

“सांगितलं की लोक ‘अरेरे’ म्हणतात. त्यांच्या पाठीमागे ते बरं वाटत नाही मला.”

खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. “जरा थांबा हं,” म्हणून त्या आत गेल्या. फटीतून मला पलंग दिसत होता, पांढरी चादर, उशीवर एक बारीक झालेलं, शांत, दाढी केलेलं तोंड. सुलभाताईंनी पडदा सरकवला. हात धुतले. आपले तळवे एकमेकांवर घासून उबदार केले, आणि मगच अनंतरावांचा हात हातात घेतला.

“अहो,” त्या म्हणाल्या. इतका मऊ आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “आपल्या शेजारचे नितीन आलेत. मी सांगत असते ना तुम्हाला, गोदामातले. बाहेर उभे आहेत. आत बोलवू का?”

आणि त्या थांबल्या. नावापुरत्या नाही, एखाद्या माणसाला नीट विचार करून उत्तर द्यायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे बघत थांबल्या. कॉरिडॉरमधून कोणीतरी कपबशांची ट्रॉली ढकलत नेली. तिचा आवाज येऊन गेला. सुलभाताई थांबलेल्याच होत्या.

मग त्यांनी दाराकडे मान वळवली.

“या म्हणतायत.”

मी जँडल्स दाराबाहेर काढल्या आणि आत गेलो.